पालथे ठेवलेले देव

प्रिय बारक्या,

देवळातल्या अकराही तसबिरी काल सकाळी आपल्या दुकानातून परत नेल्या, आणि येत्या रविवारी सकाळी दहाला बाबांना देवळाच्या सभागृहात खुलासा द्यायला बोलावलं आहे. ही उडत आलेली बातमी नाही. समितीचे चिटणीस स्वतः दुकानात आले, दाराशी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच हे सांगितलं. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मी म्हटलं, लेखी द्या. तर म्हणाले, "लेखी कशाला, ताई? सकाळीच ग्रुपवर टाकलंय की." म्हणजे ज्यांना बोलावलं त्यांच्या आधी ते साडेचारशे लोकांना कळलं होतं. बाबांचा फोन बटणांचा आहे, हे चिटणिसांना चांगलं ठाऊक आहे.

न्यायला दोन माणसं आणि एक बंद गाडी आणली होती. तुला आठवत असेल, सभागृहातल्या मोठ्या तसबिरी बाबा दर तीन वर्षांनी उतरवून आणतात, पाठीचा पुठ्ठा बदलतात, कसर लागली असेल तर झाडून घेतात, काच पुसून परत बसवतात. या खेपेच्या अकरांपैकी सात अजून उघड्या होत्या, म्हणजे चौकट एकीकडे, काच एकीकडे, चित्र एकीकडे. बाबा एवढंच म्हणत होते, "चिटणीस, काच लागेपर्यंत तरी थांबा हो. दोन दिवस द्या. उघडं चित्र गाडीत घालू नका, धूळ बसली की ती निघत नाही." चिटणीस भिंतीकडे बघत म्हणाले, "आता तुमच्याकडे एक तासही ठेवता येणार नाहीत. लोक ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत." मग त्या माणसांनी बरोबर आणलेल्या चादरींत चित्रं गुंडाळली, बाजारातून चटई गुंडाळून आणावी तशी. बाबांनी तोंड फिरवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. आपल्यावर काय आळ आलाय याचं त्यांना त्या क्षणी काही नव्हतं. त्यांना धास्ती होती ती चित्राच्या रंगाला चीर पडेल याची. गाडी गेल्यावर त्यांनी सातही काचा एकेक करून पुसल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. मी म्हटलं, आता कशाला पुसता? म्हणाले, "लागतील."

पुढचं जे लिहिणार आहे ते तुला पाठ आहे. तरी लिहिते. तू विसरला असशील असं धरून चाललं की मला जरा बरं वाटतं. आपल्या दुकानात देवाचं चित्र हातात घ्यायचं ते सकाळी, आंघोळ झाल्यावर. लग्नाचे, शाळेचे, साहेबांच्या निवृत्तीचे फोटो दिवसभरात केव्हाही. मागच्या खोलीत पायात काही घालून जायचं नाही. टेबलावर धुतलेलं पांढरं फडकं, आणि ते बाबा स्वतः धुणार, आपल्या कुणाला देणार नाहीत. तसबिरीच्या पाठीला पुठ्ठा लावून बारीक खिळे ठोकायचे तर ती पालथी करावीच लागते. जगातल्या कुठल्याही फ्रेमवाल्याला दुसरा मार्ग नाही. पण पालथी करायच्या आधी बाबा हात जोडतात आणि म्हणतात, "देवा, घटकाभर पालथे व्हा, पाठ शिवायची आहे." तू सहा वर्षांचा असताना विचारलं होतंस, ठोकताना देवाला गुदगुल्या होत नाहीत का? त्या दिवशी बाबांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलं. संध्याकाळपर्यंत तू दुकानाच्या पायरीवर असा बसला होतास, जसा काही तुला पुरस्कारच मिळालाय.

आणि तो मागचा ढीग. लोकांच्या घरात तसबीर फुटली, ओल लागली, की ती घरात नको असते आणि टाकवतही नाही. मग झाडाखाली, कुंपणाला टेकवून ठेवतात आणि मागे न बघता निघून जातात. बाबांनी चाळीस वर्षं अशा तसबिरी उचलून आणल्या, लोकांना सांगून ठेवलं की रस्त्यावर ठेवू नका, माझ्याकडे द्या. काच आणि लाकूड वेगळं काढायचं. कागद मागच्या खोलीत, पाटावर, पांढऱ्या फडक्यावर, पालथा. सगळेच्या सगळे पालथे. का, ते त्यांनी आपल्याला एकदाच सांगितलं: घरातलं माणूस आजारी पडलं, चेहरा सुजला, तर आपण त्याचं तोंड आल्यागेल्याला दाखवत बसतो का? पांघरूण ओढून घेतो. मग महिनाअखेर तो गठ्ठा मोठ्या टपात स्वच्छ पाण्यात सोडायचा. दोन दिवसांत कागदाचा लगदा होतो, रंग पाण्यात उतरतो, आणि ते सगळं मागच्या अंगणातल्या झाडांना. टप तू आणि मी दोन बाजूंनी उचलायचो. तुझ्या बाजूने कायम सांडायचं. पालथं ठेवायची ही रीत दुकानाबाहेर कुणाला माहीत नाही. बाबांनी तिची कधी पाटी लावली नाही. ती आपण तिघंच जाणतो, आई होती तेव्हा चौघं.

आता ग्रुपवर फिरलेला तो फोटो. त्यात पाट नाही, फडकं नाही. तो भाग खालून कापला गेलाय. दिसतो फक्त पालथ्या कागदांचा ढीग. सगळ्यांत वरच्या कागदाचा फाटका कोपरा वळलाय आणि तिथून देवाचा अर्धा चेहरा डोकावतोय. आणि ढिगाला अगदी लागून, पायात घातलेल्या बुटाचा नाडीपर्यंतचा पुढचा भाग. वर लिहिलंय: 'हिंदूच्याच दुकानात देवांची ही दशा. मग बाहेरच्यांना काय म्हणून बोलायचं?' पहिल्या दिवशी त्यात दुकानाचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका जुन्या फर्निचरवाल्याने मागचं हिरवं पत्र्याचं कपाट ओळखलं, कारण ते त्यानेच आपल्याला विकलेलं. झालं. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत दुकानाचं नाव, पत्ता आणि माझा नंबर सगळ्यांकडे पोचला.

त्याखाली जे लिहिलं गेलं ते मी सगळं वाचलं. वाचायला नको होतं. 'नावाचे हिंदू' हे तर साधं. कुणी लिहिलं, यांना कुणीतरी पैसे दिलेत. एकाने लिहिलं, काहीतरी कारण असेल, आधी त्यांना विचारा तरी. त्याला इतक्या शिव्या पडल्या की त्याने लिहिलेलं काढून टाकलं. मग बाबांचा विषय राहिलाच नाही. कुठला पक्ष निवडून दिला म्हणून हे दिवस आले, आणि कुठला दिला असता तर आले नसते, यावर जुंपली. दोन्ही बाजूंनी देशातली मोठमोठी नावं निघाली. आपल्या मागच्या खोलीत एवढी मोठी माणसं याआधी कधी जमली नव्हती! तिसऱ्या दिवशी चार तरुण मोटरसायकलींवर आले आणि रस्त्यावरून ओरडायला लागले. शेजारचे टेलरमामा गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर आले आणि त्यातल्या एकाला म्हणाले, "अरे, हा तुझा शर्ट मी उलटा करूनच शिवलाय. म्हणून काय तुझ्या छातीचा अपमान झाला?" त्यांच्यातलाच एक हसला आणि मग ते निघून गेले. पण सगळेच टेलरमामा नसतात. एक नवरा-नवरी लग्नाचा फोटो अर्धवट चौकटीतून काढून घेऊन गेले. माझ्या फोनवर दिवसाला वीस-पंचवीस अनोळखी आवाज यायला लागले, बहुतेक सगळे सभ्यपणे सुरुवात करायचे, "ताई, एक विचारू का?" दुसरीकडे वरच्या गल्लीतल्या निवृत्त बाई मुद्दाम देवाची तसबीर घेऊन आल्या आणि बाबा समोर बसून ती पूर्ण करेपर्यंत हलल्या नाहीत. हेही लिहायला हवं, नाहीतर उगाच वाटेल की सगळं जगच उलटलंय.

तू म्हणशील, ताई आता माझ्यावर येणार. येणारच आहे, पण आधी माझं सांगते. नात्यातल्या ग्रुपवर तू ती यादी टाकली होतीस, खरा हिंदू कसा ओळखावा त्याच्या खुणा. मी खाली लिहिलं, 'यादी करणाऱ्याने आधी आंघोळ करून देवापुढे दिवा लावावा. वात कुठल्या बाजूला ते विचारायला फोन केला तरी चालेल.' छत्तीस जणं हसली. मोठ्या काकांनी तर हसण्याचं रेकॉर्डिंगच पाठवलं, ते खोकला लागेपर्यंत हसतायत. तू मला एकटीला निरोप पाठवलास, 'ताई, ते पुसून टाक ना.' मी पुसलं नाही. मला वाटलं, जिरली एकदाची. निवडणूक, धर्म, देश, सगळ्यांवर तू रोज सकाळी सहाला आम्हाला शिकवायचास आणि मी रोज चहा पिताना तुझी चूक काढायचे. त्या दिवशी टाळ्या मला मिळाल्या आणि त्या मला आवडल्या. तुझ्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर सहकारी तुझ्या देवावरून विनोद करायचे आणि तू हसण्यावारी न्यायचास, आणि घरी आल्यावर तुझं डोकं दुखायचं, हे तू मला कधीतरी सांगितलं होतंस. ते दुखणं खोटं नव्हतं. मला माहीत असून मी त्याच जागी बोट ठेवलं, आणि तेही छत्तीस जणांसमोर. हे माझ्याकडे लागतं, ते मी नाकारत नाही.

पण बारक्या, एक आठवतं का? मी लग्न मोडून दोन बॅगा घेऊन परत आले तेव्हा तू बावीस वर्षांचा होतास. हीच सगळी नातेवाईक मंडळी ओळीने बसली होती. कुणी म्हणत होतं, थोडं सोसायचं असतं. कुणी म्हणत होतं, भावाच्या लग्नाला अडचण येईल. आई रडत होती. तू दारात उभा राहिलास, चहाचा ट्रे तुझ्या हातात तसाच, आणि म्हणालास, "ताई इथेच राहणार. ज्याला बघवत नाही त्याने चष्मा काढून ठेवावा." मोठ्या काकांनी खरंच चष्म्याला हात लावला होता. त्यानंतर मी दुकानात बसायला लागले, काच कापायला शिकले, आणि गेल्या बावीस वर्षांत ज्या ज्या वेळी कुणी मला माझी जागा दाखवायला आलं त्या त्या वेळी मला तुझं ते वाक्य पुरलं. असा भाऊ माझ्या पाठीशी आहे म्हणून मी ग्रुपवर जिभेला हाड नसल्यासारखी बोलत होते, असंही असेल. आपण कितीही भांडलो तरी घर वेगळं आणि ग्रुप वेगळा, असं मी समजून चालले होते.

त्या फोटोतला बूट मी पहिल्याच दिवशी ओळखला. तेव्हा दुकानाचं नावही कुणाला कळलं नव्हतं. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तू दोन महिन्यांपूर्वी तीन दिवस आला होतास. हॉस्पिटलला निघताना तुझ्या उजव्या बुटाची नाडी तुटली. दुकानात दुसरी नाडी कुठली? बाबांनी तसबीर टांगायच्या हिरव्या दोरीचा तुकडा कापून दिला. दुसऱ्या दिवशी एका डोळ्याला पट्टी असताना ती सैल झाली म्हणून खाली बसून चाचपत त्यांनीच ती नीट बांधून दिली, आणि तू म्हणालास, "बाबा, आता मला भिंतीवर टांगू नका म्हणजे मिळवली." आपण तिघंही हसलो. त्याच सकाळी मी तुला मागच्या खोलीतून काचेचा मोठा तुकडा आणायला पाठवलं. तू बूट न काढताच गेलास. लहानपणापासून तुझं हेच, बाबा ओरडायचे आणि तू उंबऱ्यावरून एक पाय मागे घ्यायचास. या वेळी डोळ्याला पट्टी होती म्हणून ते ओरडले नाहीत. तर जगभर जो बूट देवाजवळ दिसतोय म्हणून बाबांना शिव्या पडतायत, त्यावर बाबांनी बांधलेली दोरी आहे.

तरीही मी आठ दिवस स्वतःला समजावलं. म्हटलं, सहज काढला असेल, आठवण म्हणून. कुणाला तरी दाखवला असेल, त्या कुणीतरी टाकला असेल. आपल्या माणसासाठी मन किती वकिली करतं बघ. मग परवा दुपारी तुझ्या बायकोचा फोन आला. ती दोन मिनिटं नुसती रडत होती. तिने सांगितलं, "ताई, फोटो यांच्याच फोनवरून गेला. तुम्ही ग्रुपवर ते लिहिलंत त्याच संध्याकाळी." आणखीही सांगितलं. ज्या ग्रुपवर तो पहिल्यांदा गेला त्याचे चालक तीन आहेत आणि त्यातला एक तू आहेस. दुकानाचं नाव बाहेर आलं त्या दुपारी तिने तुला हात जोडून सांगितलं, काढून टाका, नाहीतर निदान खरं काय ते लिहा. तू म्हणालास, "आता काढलं तर सगळे मलाच विचारतील." पाट होता, फडकं होतं, ते तू तुझ्या बोटाने कापलंस. पालथं का ठेवतात ते लिहायला तुला एक ओळ लागली असती. बाकीच्या हजारो लोकांना मी दोष देत नाही रे. त्यांनी ढीग बघितला आणि त्यांना राग आला. मला माहीत नसतं तर मलाही आला असता. त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला एकच होता. तुला मला धडा शिकवायचा होता ना? माझा फोटो टाकायचास. मी दिवे लावत नाही, मंगळवार पाळत नाही, सगळं लिहायचंस. मी पुरून उरले असते. तू मला मारायला बाबांचे देव उचललेस.

आणि तुझ्या मनात जर असं असेल की बाबांना यातलं काही माहीत नाही, तर तेही सांगते. चिटणिसांनी त्यांना फोटो दाखवला तेव्हा त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघितलं. मग परत दिला आणि म्हणाले, "हो, खोली आमचीच." काल तसबिरी गेल्यावर मी त्यांच्या मागे लागले, रविवारी सगळं नीट सांगा, पाट दाखवा, टप दाखवा, अंगण दाखवा, पाहिजे तर समितीला इथे आणा. ते हातातली चौकटीची पट्टी घासत राहिले. मग म्हणाले, "खुलासा केला की विचारतील, मागच्या खोलीत बाहेरचं कोण आलं होतं? कुणी नाही म्हटलं की उरतं कोण?" तेव्हा मला कळलं की मी आठ दिवस ज्या गोष्टीवर पांघरूण घालत होते, ती त्यांनी पहिल्या नजरेत बघितली होती. ऑपरेशन फारच चांगलं झालंय म्हणायचं. त्यांचं सगळं ठरलंय. ते सभेत उभं राहून म्हणणार, नजर अधू झाली, हातून चूक झाली, क्षमा करा. म्हातारा म्हणून सोडून देतील असा त्यांचा हिशेब आहे. मी विचारलं, आणि फोटो कुणी काढला म्हणून विचारलं तर? "माहीत नाही म्हणेन." मी म्हटलं, बाबा, आयुष्यभर देवाच्या चित्राला सांगितल्याशिवाय पालथं केलं नाहीत, आणि आता देवळात उभं राहून खोटं बोलणार? तर म्हणाले, "सभागृहात बोलणार. गाभारा पलीकडे आहे, मध्ये भिंत आहे की." आणि आपल्याच विनोदाला हसले. मग उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

समितीतल्या एकाने टेलरमामांना खासगीत सांगितलंय की क्षमा मागितली तरी देवळाचं काम परत मिळायचं नाही, क्षमेचं चित्रीकरण होईल आणि ते ग्रुपवर जाईल, म्हणजे लोक शांत होतील. बाबांना हे मी सांगितलेलं नाही. ते अजून त्या सात काचांकडे बघून मापं आठवतायत. तर रविवारी एक माणूस न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणार, ती कायमची सगळ्यांच्या फोनमध्ये राहणार, आणि देवळाचं काम काही त्याला परत मिळणार नाही. उरेल काय, तर तुझं नाव तेवढं स्वच्छ.

तुला फोन करायचा नाही अशी बाबांनी मला शपथ घातलीय. पत्राबद्दल काही बोलले नाहीत, म्हणून पत्र. एरवीही फोनवर बोललेलं आणि ग्रुपवर लिहिलेलं कुठे जाऊन पडेल याचा भरवसा माझा उरलेला नाही. मी रविवारी त्यांच्या शेजारी बसणार आहे. समितीचे अध्यक्ष आधी बाबांना विचारतील, फोटो कुणी काढला? ते माहीत नाही म्हणतील. त्यांना खोटं बोलता येत नाही हे सगळ्या सभागृहाला कळेल, आणि मग ते माझ्याकडे वळतील. मी तुझं नाव घेणार आहे. पाट, फडकं, टप, तुझा बूट, त्यावरची दोरी, सगळं सांगणार आहे, आणि ग्रुपवर मी तुझा केलेला पाणउताराही सांगणार आहे, तो गाळणार नाही. बाबा मला त्यानंतर किती दिवस बोलतील माहीत नाही. त्यांना मी हे कळू दिलेलं नाही, पण तुला आधी कळवते. माझ्या घरातलं माणूस माझ्या पाठीमागे काहीतरी करतं आणि ते मला परक्यांकडून कळतं, हे कसं असतं ते मी या आठ दिवसांत शिकले. ते मला तुझ्यावर आणायचं नाही. कुरिअरवाल्याने शुक्रवारी दुपारपर्यंत पोचेल म्हणून सांगितलंय. शनिवारी सकाळची गाडी धरलीस तर संध्याकाळी इथे असशील. मग तुझं तू सांगशील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. नाही आलास, तर सभा दहाला सुरू होईल, आधी बाबा उभे राहतील, आणि साडेदहाच्या सुमारास माझी पाळी येईल.

इतकं होऊनही तुझीच,
ताई